रीमचा सख्खा भाऊ

कासमभाई, तुम्ही गेलात त्याला आज नववा दिवस, आणि मला अजून तुमचा रागच येतोय. रडू यायला हवं, ते येत नाही. छातीत दुखतंय म्हणून चार दिवस नुसता सोडा पीत बसलात आणि विचारलं की म्हणायचात, "काय नाय ओ डॉक्टर, ग्यास झालाय." मी पडलो जनावरांचा डॉक्टर. पण मेंढी चरायची थांबली तर मला लांबून कळतं, आणि तुम्ही जेवायचे थांबलात ते कळलं नाही. कळलं नाही असं तरी कसं म्हणू? तुमच्याकडे नीट बघितलंच नाही मी. नोव्हेंबरपासून तुमच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमतच नव्हती.

युद्ध थांबलं. तुम्हाला पुरलं त्याच आठवड्यात थांबलं. रेडिओवर बातमी आली तशी शेतावरचे पठाण, मिसरी, आपली केरळची पोरं, सगळे एकमेकांना मिठ्या मारत सुटले. हवाई तळावरून उठणाऱ्या विमानांचा आवाजही कमी झाला. मी सवयीनं तुम्हाला सांगायला कुत्र्यांच्या खोलीकडे निघालो आणि अर्ध्या वाटेवर आठवलं. तसाच उन्हात उभा राहिलो. मला कुणी हाकही मारली नाही.

तुमच्या दफनाला मी भिंतीबाहेर उभा होतो. आत यायचं की नाही, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सौदीतल्या तबूकच्या त्या कबरस्तानात तुमच्या ओळखीचं कोण? पंधरा वर्षं या मुलखात काढलीत, आणि खांदा द्यायला तुमच्या गावचा एक माणूस नव्हता. जेद्द्याला असलेल्या तुमच्या भाचरांना विमान मिळालं नाही. आपला मालक अबू नासिर मात्र शेवटपर्यंत होता. म्हाताऱ्यानं स्वतः माती लोटली.

तुमच्याशी पहिली ओळख झाली तीही भांडणानंच. चार वर्षांपूर्वी मी या शेतावर आलो तो मेंढ्या आणि उंटांसाठी. मला सांगितलं होतं की कुत्र्यांकडे कासम बघतो, त्यात पडायचं नाही. मी पडलो. अबू नासिरची ती सलूकी कुत्री मी आधी कधी पाहिली नव्हती. बारीक कंबर, लांब पाय, कानांना रेशमासारखे केस, आणि धावायला लागली की नजर ठरत नाही. एकीला इंजेक्शन द्यायचं होतं. मी तिला "कुत्री" म्हणालो तर तुम्ही खवळलात. "कुत्री नाय, सलूकी. इथं हिला कोणी कल्ब म्हणत नाय." आणि तेच तुम्ही, तिचं तोंड लागलं की, कुत्र्याची लाळ नापाक म्हणून, नळावर जाऊन सात वेळा हात धुवायचात, त्यात एकदा मातीनं. नळाशी त्यासाठी मातीचा डबा ठेवलेला. मी चिडवायचो, "सलूकी आहे ना, मग सात वेळा कशाला?" तुम्ही म्हणायचात, "मालकाचा नियम वेगळा, माजा वेगळा. दोन्ही पाळायचे. त्यात तुमचा काय जातो?" रत्नागिरीचा माणूस, बोलण्यात कधी हार जाणार नाही.

आणि वाद! चार वर्षं एकच वाद. तुमचं म्हणणं, शाहीनसारखा धावणारा हवा तर तो शाहीनच्याच रक्ताचा हवा. शाहीन म्हणजे या घराण्याचा मूळ नर, आपल्या रीम सलूकीचा आजा. त्याला आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून पिल्लात आणायचा, मग जात पक्की होते. मी म्हणायचो, फक्त चांगली बाजूच पक्की होत नाही हो. प्रत्येकाच्या रक्तात काहीतरी खोट झाकलेली असते. बाहेरचं रक्त आलं की ती झाकलेली राहते. एकाच घरातलं एकाच घरात दिलं की दोन्हीकडची तीच खोट समोरासमोर येते आणि उघडी पडते. एकदा आजा आणि नात जुळवलीत, चला, नशिबानं निभावलं. पुढच्या वेळी बाहेरचा नर आणा. बाप-लेक, भाऊ-बहीण तर नावच काढू नका. तुम्ही हसायचात. "डॉक्टर परभणीला शिकले. आमी वाळवंटात शिकलो."

एकदाच फक्त तुम्ही हसला नाहीत. मी तावातावानं बोलत होतो आणि बोलता बोलता माझ्या तोंडून सईचं नाव निघालं. सई माझी मुलगी, सात वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही तिला. सुमन, माझी बायको, माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत, घरातलं घरात राहतं म्हणून सगळे खूश. सईला पुण्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, नात्यातलं लग्न का? मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तेच मी तुम्हाला सांगायला लागलो तर तुम्ही मला थांबवलंत. "पोरीला यात आणू नका. तुमी दोघांनी लग्न केलात, तुमच्या मर्जीनं केलात. पोरगी सोन्यासारखी हाय. ह्या बिचाऱ्यांना कोण विचारतो? आपण जोडतो. मग त्यांच्या पिल्लांचा जो होईल त्याचा धनी कोण? आपण."

मला तेव्हा कळलं की तुम्ही माझं सगळं ऐकत होता. त्यानंतर वाद घातलात तो फक्त मजेसाठी. मागच्या खेपेला तुम्हीच मालकाला सांगितलंत की या वेळी बाहेरचा नर आणू. आणि या खेपेला रीमसाठी नर ठरला तोही तुमच्याच ओळखीनं, पलीकडे जॉर्डनच्या बाजूला असलेल्या एका घरातला. थंडी सुरू झाली की तो येणार होता. मग ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि सगळंच बिघडलं. तिकडची वाट बंद. माणूस येईना, तिथं कुत्रा कसला येतो!

त्या दिवसांत मला कुत्री, मेंढ्या, उंट काही दिसत नव्हतं. मला सई दिसत होती. गावात भोंग्यांची तालीम चालायची. भोंगा वाजला की सुमन दचकून उठायची, आणि सई जमिनीवर चित्र काढत बसलेली असायची, तशीच. तिला कळायचंच नाही की सगळे पळतायत. विषारी गॅस येणार, गॅस येणार म्हणून जो तो खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होता. मास्क सगळ्यांना पुरले नव्हते, आणि लहान मुलीच्या तोंडाला बसेल असा तर मिळालाच नाही. सुमननं एकच धोशा लावला होता, आम्हाला घरी पाठवा. पाठवायचं तर खुरूज हवा, देश सोडायचा परवाना. त्यावर कफीलाची, म्हणजे आपल्याला इथं आणणाऱ्या मालकाची सही हवी, आणि आमचे पासपोर्टही अबू नासिरकडेच. मी कागद दिले. म्हातारा म्हणाला, "इन्शाल्ला." आठवडा गेला, दोन आठवडे गेले. विचारलं की तेच, इन्शाल्ला. आजूबाजूला काय काय ऐकू येत होतं, कुणाच्या कफीलानं कागद दाबून ठेवले, कुणाला काम संपेपर्यंत सोडलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. तुम्हाला रोज सांगायचो मी. तुम्ही म्हणायचात, "आपला म्हातारा तसा नाय." मला ते पटायचं नाही.

त्यातच रीम माजावर आली. आणि त्या सकाळी अबू सुलतान, खालच्या वाडीवरचा मालकाचा जुना दोस्त, आपला नर घेऊन आला. धीब त्याचं नाव. काय देखणा! मी वही काढली, चार वर्षांची माझी कुत्र्यांची वही. तिच्यात धीब म्हणजे अबू सुलतानच्या घरचा. बाहेरचा. मी मनात म्हटलं, सुटलो.

तुम्ही त्याच्याजवळ गेलात, त्याच्या मागच्या पायावरून हात फिरवलात. मग माझ्या शेजारी येऊन मराठीत, हळूच म्हणालात, "डॉक्टर, हा रीमचा सख्खा भाऊ. एकाच आईबापाचा. पाच वर्सांमागं मीच याला सदऱ्यात घालून त्यांच्याकडं नेलेला."

इथं सलूकी विकत नाहीत, भेट देतात. आणि एकदा दिला की तो घेणाऱ्याच्या घरचा. नाव बदलतं, घर बदलतं, आणि देणारा जन्मात पुन्हा त्याचा उल्लेख करत नाही. मी दिला होता असं पाहुण्यासमोर म्हणणं म्हणजे ऐब, लाज. अशी कितीतरी पिल्लं या घरातून गेली असतील. माझ्या वहीत ती कुठून असणार? ती फक्त तुमच्या डोक्यात होती.

अबू नासिरनं विचारलं, "कासम काय म्हणतोय?"

माझ्याकडे बघून विचारलं त्यानं. तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट चांगली अरबी येत होती, पण डॉक्टर मी होतो. आणि मी त्या क्षणी काय विचार केला सांगू? माझ्या डोक्यात कुत्र्यांचा विचारच आला नाही. मला वाटलं, पाहुण्यासमोर म्हाताऱ्याची मान खाली गेली, नर परत पाठवावा लागला, तर माझे कागद गेले. सई इथंच राहिली.

मी म्हणालो, "कासम म्हणतो, नर उत्तम आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. त्याच सकाळी मी तुमच्यापाशी रडलो होतो, सुमननं रात्रीपासून अन्न घेतलं नाही म्हणून. तुम्ही तोंड उघडलं असतंत, एक वाक्य अरबीत बोलला असतात, तर सगळं तिथंच थांबलं असतं. तुम्ही मूग गिळून रीमचा पट्टा हातात घेतलात आणि तिला आत नेलंत. चार वर्षं ज्या गोष्टीवर मी तुमचं डोकं खाल्लं ती तुम्ही शिकलात, आणि शिकवणाऱ्यानं ऐन वेळी शेपूट घातली.

कॉफी झाली. पाहुणा गेला. अबू नासिरनं खिशातून कागद काढले आणि माझ्या हातावर ठेवले. सही, शिक्का, सगळं. मला वाटलं, मिळालं बक्षीस. दोन आठवड्यांनी सुमन आणि सई जेद्द्यावरून मुंबईला गेल्या. तुम्ही सईला खजुरांचा डबा दिलात. तिनं तुम्हाला हातानं खुणा करून काहीतरी विचारलं आणि तुम्ही दोघं खूप हसलात. काय विचारलं होतं तिनं? मला सांगायचं राहूनच गेलं तुमचं.

जानेवारीत युद्ध सुरू होऊन विमानं सुटली त्या आठवड्यात रीम व्याली. सात पिल्लं. दोन मेलेलीच. एकाची टाळू फाटलेली, प्यायलेलं दूध नाकातून परत यायचं. एक मागचे पाय नुसते ओढायचं. एक दूध ओढता ओढता निळं पडायचं. मी स्टेथोस्कोप लावला आणि काढून खिशात ठेवला. तुम्ही विचारलंत, "काय ऐकू येतंय?" मी म्हणालो, "काही नाही." कापसाचा बोळा दुधात बुडवून एकेकाच्या तोंडात पिळायला बसलात. मालकानं एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाला, अशांना माळावर सोडून दे, खलास. तुम्ही मान हलवलीत आणि सोडलं नाहीत.

शेतावर प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी वाटली तेव्हा तुम्ही तुमच्या खोलीचा वाटा त्या पिल्लांच्या खिडकीला लावलात. स्वतःसाठी ओला टॉवेल. मी ओरडलो तुमच्यावर. वेड लागलंय का, म्हणालो, यातलं एकही जगणार नाही. तुम्ही म्हणालात, "मना ठावं हाय. पण ह्यांना इथं कोणी आणला? आपण आणला." 'आपण' म्हणालात. 'तुम्ही' म्हणाला नाहीत. कासमभाई, एकदा तरी 'तुम्ही' म्हणायचं होतंत हो. माझ्या थोबाडीत मारायची होती. मी जरा माणसासारखा जगलो असतो.

एकेक करून गेली. टाळूवालं आधी, मग निळं पडणारं, मग पाय ओढणारं. प्रत्येकाला तुम्ही कुंपणापलीकडे खड्डा खणून पुरलंत, आणि येऊन सात वेळा हात धुतलेत. उरली दोन, दोन्ही दिसायला राजस. त्यातलं एक सहाव्या आठवड्यात अंगणात पळता पळता कोसळलं ते उठलंच नाही. तुम्ही त्याला उचललंत तेव्हा तुमचा श्वास लागला होता. मी पाहिलं. मला वाटलं, दुःखानं लागला असेल.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या नमाजानंतर, तुम्ही पिल्लांच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले सापडलात. शेवटचं पिल्लू तुमच्या मांडीत झोपलेलं होतं. दुधाची वाटी अजून कोमट होती. मी तुमच्या छातीवर तो मेंढ्यांचा स्टेथोस्कोप लावला. किती वेळ लावून बसलो होतो, मला माहीत नाही. शेवटी अबू नासिरनंच माझा हात बाजूला केला.

ते पिल्लू मी परवा तपासलं. दोन महिन्यांचं होत आलंय, सोनेरी, बघत राहावं असं. छातीत खरखर आहे. दर ठोक्याला. भावासारखंच एक दिवस पळताना पडेल, आणि नाही पडलं तर त्याची पिल्लं पडतील. मी ठरवलं, बस. आता तरी बोलायचं. बायको-पोर घरी आहेत, माझं काय करायचं ते करू दे. काल दुपारी मजलिसमध्ये, मालकाच्या बैठकीच्या खोलीत गेलो. म्हातारा एकटाच होता. मी म्हणालो, पिल्लाला वंशाला ठेवू नका, कुणाला देऊही नका.

तो म्हणाला, "दिलं. सकाळी गेलं ते. जौफच्या बाजूला, मोठ्या घरात. त्यांच्याकडे चार माद्या आहेत."

परत मागवा, म्हणालो. दिलेलं परत मागतात का, म्हणाला. आणि मग मी सगळं बोललो, उभ्यानंच. धीब कोण होता, तुम्ही मला काय सांगितलं होतं, मी त्याला काय सांगितलं. का सांगितलं तेही. माझी अरबी मोडकी. पण त्याला कळलं. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, हाकलून देईल.

तो ओरडला नाही. त्यानं हातातली माळ बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दिलेलं पिल्लू मी लक्षात ठेवत नाही, डॉक्टर. ठेवायचं नसतं. ते कासम ठेवायचा, म्हणून तर कासम होता. तू सांगितलं असतंस तर पाहुण्याला जेवू घालून मी काहीतरी निमित्त काढलं असतं. रीम पुढच्या खेपेला पुन्हा माजावर आलीच असती. मला कसली घाई होती?"

मी म्हणालो, "माझे कागद..."

"कागद?" त्याला खरंच कळेना. "शिक्का आदल्या संध्याकाळी आला. फज्रच्या नमाजानंतर मी सही केली. तू आलास की द्यायचे म्हणून खिशात घालूनच बसलो होतो, तेवढ्यात पाहुणा आला. बायका-पोरांची वाट कोण अडवतं, डॉक्टर? मला काय समजलास तू?"

तेव्हापासून मी या खोलीत बसून आहे. सुमनचा निरोप आलाय, फोन करा. भाभींना पत्र लिहायचंय, चार ओळींपुढे जात नाही. काय लिहू त्यांना? तुमच्या नवऱ्यानं माझ्या मुलीसाठी तोंड बंद ठेवलं आणि त्याची भरपाई करता करता जीव टाकला? तुम्हाला म्हातारा माहीत होता. आपला म्हातारा तसा नाही, हे तुम्ही मला रोज सांगत होता. तरी त्या सकाळी माझं तोंड बघून तुमचीही खात्री डळमळली असेल. माझ्या भीतीनं तुम्हालाही भ्यायला लावलं.

सही झालेली होती, कासमभाई. आपण दोघं अंगणात उभे होतो तेव्हा कागद त्याच्या खिशात होते. तुम्ही खरं बोलला असतात, तरी सई घरी गेलीच असती.